'एवढं काही झालेलं नाही मला'

डिप्रेशनमधल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. आणि ते तो मनापासून म्हणतो, हीच पंचाईत. कामावर जाणं चालू असतं, हसणं चालू असतं, ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छाही वेळेवर पडतात. माझंही तसंच चाललं होतं. फक्त केस धुवायचेत हे सकाळपासून डोक्यात असायचं आणि रात्री केस तसेच. मेसेज वाचायचे, पण उत्तर लिहायला हात उचलायचा नाही. यात रडारड कुठेच नव्हती, मग आजार कसला? आळस म्हणायला मात्र सगळे तयार, सगळ्यात आधी मी.

'लोक काय म्हणतील' याच्या नावाने आपण खूप बोटं मोडतो. माझ्या मते त्याहून जास्त माणसं अडकतात ती 'आपला त्रास डॉक्टरकडे नेण्याइतका मोठा आहे का' या हिशोबात. दुसऱ्याचं दुःख बघायचं, आपलं लहान ठरवायचं आणि गप्प बसायचं.

डॉक्टर असली तुलना करतच नाहीत. उदासी किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं यांतले बदल, आणि हे किमान 2 आठवडे जवळपास रोज आहे का, ते बघतात. पीएचक्यू-9 नावाच्या प्रश्नावलीत 9 प्रश्नांनंतर आणखी एक असतो: यामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालंय? मला तो सगळ्यात प्रामाणिक प्रश्न वाटतो. कधी थायरॉइडची तपासणीही सांगतात, कारण ते मंदावलं तरी असंच गळून गेल्यासारखं होतं.

डिप्रेशनवरच्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मळमळ, झोपेची गडबड पहिल्या आठवड्यातच हजर होऊ शकते. बरं वाटायला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात, कधी जास्तही. नेमक्या याच काळात लोक 'मला सूट होत नाही' म्हणून परस्पर सोडून देतात. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणारेही आहेतच, आणि मग चक्कर, चिडचिड सुरू. सौम्य त्रासात बऱ्याचदा नुसत्या थेरपीनेही भागतं. पहिला थेरपिस्ट पटला नाही तर खुशाल दुसरा शोधा.

आता जवळच्यांसाठी. 'काही लागलं तर सांग' हे तुम्ही प्रेमानेच म्हणता, पण काय लागतंय हे ठरवायचंच त्राण समोरच्यात नसतं. (आणि 'पॉझिटिव्ह विचार कर' तर कृपा करून नकोच.) माझ्या बहिणीने शेजारी बसून क्लिनिकला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "नाव तू सांग, बाकी मी बोलते." मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात भरत नाहीत. 'हो' म्हटलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइन लगेच गाठा, उद्यावर ढकलू नका.