सनईची बदली

सरकारी नोकराची बदली गडचिरोलीला झाली की त्याच्या घरात कोणते सुतक पसरते, ते आम्ही वैनगंगेकाठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. बदली झालेला साहेब येतो, त्याची फाइल येते, ट्रकभर सामानही येते; पण पुण्यात त्याच्या हाताखाली जो शिपाई, जो ड्रायव्हर आणि जो सगळे जाणणारा हेडक्लार्क होता, तो तिकडेच राहतो आणि मग साहेबाला स्वतःची सही कुठे करायची तेही उमजेनासे होते. हे सगळे एका सनईच्या बाबतीत घडू शकते, असे मला कोणी दिवाळीपूर्वी सांगितले असते तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते.

माझे लाखांदूर तालुक्यात एक छोटेसे दुकान आहे. दिवसा तेथे मी लोकांना सातबारा काढून देतो, पीकविम्याचे अर्ज भरतो आणि आधारकार्डाच्या झेरॉक्सवर दोन रुपये कमावतो. दिवाळी सरली, धान कापून झाले आणि गावोगावी मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की मात्र मी नदी ओलांडून वडशाच्या एका नाट्यमंडळात कीबोर्ड वाजवायला जातो. आमच्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. गावात घरटी पाच-सात पाहुणे आलेले असतात, त्यामुळे झोपायला जागा नसतेच, आणि सारे गाव पाहुण्यांसकट मंडपात बसलेले असते. अशा नाटकात लग्नाचा प्रवेश नसणे म्हणजे जेवणात भात नसणे. लग्न म्हटले की सनई आली आणि सनई म्हटली की सगळ्यांची नजर माझ्याकडे वळते.

माझा कीबोर्ड हा नुसता कीबोर्ड नसून वर्कस्टेशन आहे, असे तो विकणाऱ्याने मला नागपुरात तीन वेळा सांगितले होते. त्यात पियानो आहे, गिटार आहे, बत्तीस प्रकारचे ड्रम आहेत आणि आवाजांच्या यादीत अगदी तळाशी ‘शनाई’ या नावाचा एक आवाजही आहे. तो ऐकला की, ज्याने तो बनवला त्याने सनई पाहिली नसावी, पण तिच्याविषयी चांगले ऐकले असावे, एवढे लक्षात येते. मागच्या मोसमात त्या आवाजावर आम्ही सहा लग्ने लावली आणि साऱ्या नवऱ्या मुली तो ऐकून खरोखरच रडल्या. आमचे तबलजी काका तर म्हणाले, “मास्तर, हे सनई व्हय का डासाचा भोंगा व्हय?”

लॅपटॉपवर चालणाऱ्या सनईच्या लायब्ऱ्या उत्तम असतात, हे मला ठाऊक होते. खऱ्या वादकाला बसवून एकेक सूर हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. तर मग लॅपटॉपच रंगमंचापुढे का नेऊ नये, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने पौष महिन्यात रात्री दोन वाजता उघड्या मैदानात बसून पाहावे. अंगावरच्या घोंगडीतून दव पाझरते, समोरून नाचणीच्या पायाची धूळ येते, जनरेटरचा व्होल्टेज नदीच्या पुरासारखा चढतो-उतरतो आणि नेमक्या कन्यादानाच्या क्षणी लॅपटॉप निळा पडदा दाखवून, अपडेट होत आहे, कृपया बंद करू नका, असे विनवतो. कीबोर्ड असली लाडीगोडी करत नाही. म्हणून सनई लॅपटॉपमधून काढून कीबोर्डात घालायची, म्हणजेच तिची रीतसर बदली करायची, असे मी ठरवले.

दिवाळीच्या सवलतीत स्वतःच्या पैशाने एक लायब्ररी विकत घेतली. घेताना ती कुलूपबंद नाही ना, एवढे मात्र नीट पाहिले, कारण कुलूपबंद लायब्ररीतले आवाज ज्या त्या सॉफ्टवेअरबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि तेथे फाइली बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरचे काही चालत नाही. आकार 7 गीगाबाइट होता. आमच्या गावच्या टॉवरवरून ती उतरवायची म्हणजे पुढच्या दिवाळीची तयारी, म्हणून नागपूरच्या भाच्याने ती हार्डडिस्कवर घेऊन एसटीने पाठवली. 1988 साली आलेल्या कॉर्गच्या एम-वन या प्रसिद्ध वर्कस्टेशनमध्ये पियानोपासून ड्रमपर्यंत झाडून सारे मूळ आवाज अवघ्या 4 मेगाबाइटमध्ये बसवले होते आणि त्यांवर जगभरच्या लोकांनी गाणी केली. येथे एकटी सनई सात गीगाबाइटचा बंगला अडवून बसली होती, आणि माझ्या कीबोर्डात नागपूरच्या बर्डीवरून आणलेल्या जुन्या मेमरीच्या 512 मेगाबाइटच्या दोन पट्ट्या टाकून झाली होती ती 1 गीगाबाइटची खोली. त्यातही थोडी जागा पेटीसाठी राखणे भाग होते.

मग सामान कमी करणे आले. 24 बिटचे 16 बिट केले आणि सेकंदाला 48,000 नमुने होते त्यांचे 44,100 केले, तेव्हा सातचे सव्वाचार गीगाबाइट झाले. स्टिरिओचे मोनो केले (मंडपात दोन्ही भोंगे एकाच बांबूला बांधलेले असतात, तेथे डावे-उजवे कोण पाहतो?), तेव्हा दोनाहून थोडे जास्त उरले. मग प्रत्येक पट्टीचा स्वतंत्र सूर ठेवण्याचा थाट सोडून दर तिसऱ्या पट्टीचा सूर ठेवला आणि त्यालाच एक घर खाली आणि एक घर वर ताणून शेजाऱ्यांचे काम करायला लावले. सातशे मेगाबाइटवर गाडी आली. रोजगार हमीच्या हजेरीपटावर एका माणसाने तिघांची कामे केल्याचे मी ऐकले होते, पण त्याचा उपयोग संगीतात होतो हे प्रथमच कळले.

यानंतर कन्व्हर्टर नावाच्या प्राण्याशी गाठ पडली. ध्वनींच्या दुनियेत प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. एके काळी अकाई कंपनीच्या सॅम्पलरची, म्हणजे मुद्रित सूर वाजवणाऱ्या यंत्राची, लिपी निदान बऱ्याच यंत्रांना वाचता येत असे, पुढे एसएफ२ नावाची आणखी एक आली, आणि आता ज्याचा त्याचा दरबार निराळा. कन्व्हर्टर हा या दरबारांमधला दुभाषी. तो माझ्या दुकानातल्या एकुलत्या एका संगणकावर दुपारी चालू केला आणि त्रेचाळीस टक्क्यांवर तो जो बसला तो उठेना. तेवढ्यात एक म्हातारेबुवा आले, बाकावर बसले आणि पाऊण तास त्या पडद्याकडे टक लावून पाहत राहिले.

“सातबारा कवा निघन जी?”

“बाबा, आधी सनई निघू द्या.”

ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की आता सातबाऱ्यासोबत सनईचाही अर्ज भरावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघे जण आधारकार्ड घेऊन त्यासाठी आले.

निघालेली फाइल पेनड्राइव्हवर घातली, तर कीबोर्डाने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही. त्याला फॅट३२ पद्धतीनेच आखलेला हवा होता, आणि माझ्या 64 गीगाबाइटच्या पेनड्राइव्हला संगणक तशी आखणी करू देईना. शेवटी शाळेतल्या मुलाकडून जुना 8 गीगाबाइटचा मागून आणला. त्यावरची त्याची गाणी पुसली गेली, त्याबद्दल तो अजून माझ्याशी बोलत नाही.

सनई पहिल्यांदा वाजली तेव्हा आमच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सूर तब्बल एक सप्तक खाली होता. याचे कारण शोधायला दोन रात्री गेल्या. मधल्या ‘सी’ला काही कंपन्या ‘सी तीन’ म्हणतात, तर काही ‘सी चार’. पट्टी तीच, घर तेच, फक्त घरक्रमांक वेगळा. कन्व्हर्टरला मूळ पट्टीची नोंद सापडली नाही, म्हणून त्याने फाइलच्या नावावरून अंदाज बांधला आणि साऱ्या सनईला पुढच्या गल्लीतला पत्ता दिला. ते निस्तरले, तर सूर उंचीवर आला, पण कुठल्याच पट्टीत बसेना. काळी एक दाबली की पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधल्या फटीतून आवाज यायचा. माझ्या हातून थोड्या फाइली 48,000 च्याच राहिल्या होत्या आणि कीबोर्ड त्यांना 44,100 समजून सावकाश वाजवत होता, त्यामुळे सूर जवळजवळ दीड पट्टी उतरत होता. दोन पट्ट्या उतरला असता तर मी हात दोन घरे सरकवून वेळ निभावून नेली असती; पण अर्ध्या पट्टीवर हात ठेवायला जागा कोणत्याच कंपनीने केलेली नाही.

आणि मग खरे दुखणे उघडे पडले. लायब्ररीच्या मूळ घरी सनईच्या पाठीशी एक अदृश्य हेडक्लार्क असतो. एकच सूर लागोपाठ वाजवला तर चार वेगवेगळ्या मुद्रणांपैकी कोणते कधी पाठवायचे, सूर सुटल्यावर वादकाचा श्वास केव्हा ऐकवायचा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधली मींड कोणती लावायची, हे सारे तो ठरवतो. कन्व्हर्टरने मुद्रणे आणली, हेडक्लार्क आणला नाही. परिणामी माझ्या कीबोर्डात जितके थर मावतात तितके, म्हणजे आठ, त्याने एकावर एक रचले आणि पट्टी दाबताच चार वाजंत्री एकदम वाजू लागले. सूर संपल्यावर यायचा तो श्वास सुराबरोबरच आला, त्यामुळे वादक धावत एसटी पकडून आताच चढला आहे असे वाटे. एका सुराला आठ आवाज खर्च होत असल्याने एकदम 128 आवाज काढण्याची सारी क्षमता सोळा सुरांत आटोपली. पायातले पेडल दाबून सतरावा सूर लावला की पहिला मान टाकायचा. मींड तर आलीच नाही. मी एकेक थर उपटून काढत गेलो आणि शेवटी एक वादक, एक दम आणि तीन जोर एवढे शिल्लक ठेवले.

उरले लूप. सनईचा सूर मुद्रित असतो पाच-सहा सेकंद आणि आमच्या नाटकातले अंतरपाटाचे मंगलाष्टक चालते चार मिनिटे. म्हणून सुराचा मधला तुकडा गोल गोल फिरवत ठेवावा लागतो. लूपची जागा नमुन्यांच्या क्रमांकाने नोंदवलेली असते. 48,000 चे 44,100 करताना आवाज आखडला, पण लूपचे खांब जुन्याच जागी उभे राहिले. जो खांब 96,000 वर होता तो 88,200 वर यायला हवा होता. तो न आल्यामुळे सुरात दर सेकंदाला टुक, टुक असे वाजू लागले. चौदा सूर, प्रत्येकाचे तीन जोर, म्हणजे बेचाळीस लूप. ते हाताने जुळवायला मला एकोणीस रात्री लागल्या. सौभाग्यवतींनी पहिल्या रात्री जेवायला हाक मारली, दुसऱ्या रात्री ताट आणून ठेवले आणि तिसऱ्या रात्रीपासून, “तुमच्या सनईलेच वाढायला सांगा,” असे सांगून झोपायला सुरुवात केली. पण बेचाळिसावा लूप जुळला तेव्हा सूर असा अखंड वाहिला की त्याही उठून बाहेर आल्या. नंतर कळले की गावात कोणाकडे तरी पहाटेचे लग्न आहे आणि आपल्याला आमंत्रण नाही, असे त्यांना वाटले होते.

पहिला प्रयोग ब्रह्मपुरीकडच्या एका गावी होता. लग्नाचा प्रवेश दुसऱ्या अंकात, रात्री एकच्या सुमारास. त्यात मी सनई सुरू करायची, ती पुरते मिनिटभर रंगू द्यायची आणि मग खलनायकाने प्रवेश करून “बंद करा ही सनई!” असे गरजायचे, अशी योजना होती. भटजी आले, अंतरपाट धरला गेला, मी बोटे पट्ट्यांवर टेकवली आणि जनरेटर बंद पडला. दहा सेकंदांत तो पुन्हा सुरू झाला, दिवे लागले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण ज्या मेमरीच्या पट्ट्यांवर मी सनईचे बिऱ्हाड थाटले होते, त्यांची स्मरणशक्ती वीज असेपर्यंतच टिकते. वीज गेली की बिऱ्हाड रस्त्यावर. ते पेनड्राइव्हवरून पुन्हा भरायला अकरा मिनिटे लागतात, हे मला घड्याळ लावून ठाऊक होते.

खलनायक ठरल्याप्रमाणे आत आला, त्याने हात उगारला, तोंड उघडले आणि बंद करायला सनईच नाही हे त्याच्या लक्षात आले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी पंजा दाखवला, मग दुसरा पंजा आणि मग एक बोट. झाडीपट्टीचा नट म्हणजे कच्च्या गुरूचा चेला नव्हे. तो रंगमंचाच्या मध्यावर आला, नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “वाजू दे सनई! सनई वाजल्याबिगर लगन मोडाची आमच्या खानदानात रीत नाही!” मंडप हशाने हादरला. तेथून तो जो सुटला तो आपल्या आजोबांनी मोडलेली लग्ने, वडिलांनी मोडलेली लग्ने, धानाचा भाव, बोनसची रखडलेली रक्कम आणि नवरीच्या मामाची मिशी, असे सगळे विषय घेत गेला. इकडे माझ्या पडद्यावर आकडा मुंगीच्या पावलाने सरकत होता. शंभरावर पोहोचताच मी जीव एकवटून सूर लावला. सूर खरोखर सुंदर लागला, आणि लागताक्षणी खलनायक माझ्याकडे वळून गरजला, “बंद करा ही सनई!”

टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर. समोरच्या रांगेतल्या एका पाटलांनी खलनायकाला पाचशे एक रुपयांचे बक्षीस जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी मी बत्तीसशे रुपयांना यूपीएस आणला. पण संध्याकाळी खलनायकच माझ्याकडे चहाला आला आणि कप हातात घेऊन बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिला. “मास्तर, हे बॅटरी-गिटरी नोको लावू जी,” तो म्हणाला. “तुमचे अकरा मिनिटं लई झाक हायेत.” दिग्दर्शकांनी तर ती अकरा मिनिटे संहितेत शाईने लिहून टाकली होती. आता यूपीएसवर माझ्या दुकानातला प्रिंटर चालतो. दर प्रयोगाला सनई संध्याकाळीच भरून तयार असते, तरी मी अकरा मिनिटे कपाळावर आठ्या घालून कोऱ्या पडद्याकडे बघत बसण्याचा अभिनय करतो, आणि मग तो एक सूर लावतो. त्या सुराचा लूप बेचाळिसांत सर्वांत चांगला जुळला आहे. पण तो सुरू होतो दोन सेकंदांनी, आणि खलनायक दीड सेकंदातच सनई बंद करवतो.