बुरशीचं विष शिजून जात नाही

कडधान्यांबद्दलचा एक संदेश सध्या या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या, प्रेशर कुकरमध्ये शिजवा, की बुरशीचा धोका संपला. बुरशी लागलेले दाणे दिसले तर तेवढे काढा, बाकीचे खुशाल खा. पिढ्यानपिढ्या लोक खात आले, कुणाला काही झालं नाही. आणि यावरचं आंतरराष्ट्रीय संशोधन म्हणजे श्रीमंत देशांनी गरीब देशांचा माल अडवायला शोधलेलं निमित्त. पुढे पाठवणाऱ्यांना आपल्या माणसांची काळजी आहे, म्हणून तर ते पाठवतात. मलाही तीच काळजी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी शिजवण्याचं. हा गोंधळ कुठून आला असावा ते कळतं. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि राजमा चांगला खळखळ उकळला की ते निकामी होतं. इतकं खरं आहे. पण लेक्टिन दाण्याचं स्वतःचं, तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीने दाण्यात सोडलेलं विष. ते प्रथिन नाही; लहानसा, चिवट रेणू आहे. त्याचा बी-१ हा प्रकार शुद्ध रूपात मोडायला २६० अंशांच्या वर उष्णता लागते. पाणी १०० अंशांना उकळतं, प्रेशर कुकर १२० च्या आसपास थांबतो. शिजवताना ते काहीसं कमी होतं, पण त्यावर भरवसा ठेवावा इतकं नाही. पाण्यातही ते फारसं विरघळत नाही. उकळल्यावर बुरशी मरते, विष तिथेच राहतं.

‘दिसेल तेवढी काढा’ हा सल्ला अर्धाच बरोबर. भुईमूग हा कडधान्यांच्याच कुळातला. एखादा चांगला दिसणारा शेंगदाणा सोलून त्याच्या दोन फाका वेगळ्या केल्या, तर कधी कधी मधल्या पोकळीत हिरवट-पिवळी भुकटी सापडते. बाहेरून डागही नसतो. असा दाणा हजारोंत एखादा, पण त्या एकट्यात इतकं विष असू शकतं की सगळी रास मर्यादेबाहेर जाते. म्हणूनच कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, नमुना पद्धतीत सोललेल्या शेंगदाण्यांचा प्रयोगशाळेतला नमुना २० किलोंचा असतो. तरीही निवडायचा कंटाळा करू नका. भुंग्याने भोक पाडलेले, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे काढले की धोका खरोखर कमी होतो. आणि राजमा, चवळी, हरभरा यांत हा धोका शेंगदाणा आणि मक्यापेक्षा साधारणपणे कमीच असतो; घाबरून कडधान्यं सोडायचं काहीच कारण नाही.

‘कुणाला काही झालं नाही’ हे वाचून मात्र मला वाईट वाटलं. केनियात २००४ साली दूषित मक्यामुळे ३१७ जण आजारी पडले, त्यांतले १२५ दगावले. पण अशी एकदम उठणारी साथ विरळा. एरवी हे विष थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जातं आणि यकृताचा कर्करोग होतो तेव्हा त्याचा ताटाशी संबंध कुणी जोडत नाही. लिऑनमधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं म्हणून पुरावा पक्का असलेल्या गटात ठेवलं आहे. हेपॅटायटिस बी असलेल्यांना तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

राहिला कारस्थानाचा मुद्दा. हे विष मुळात सापडलंच सीमा ओलांडून. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला. रेणूची रचना १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये उलगडली. ऑक्राटॉक्सिन हे बुरशीचं दुसरं विष १९६५ मध्ये सापडलं ते दक्षिण आफ्रिकेत. एकट्या देशाला हे जमलं नसतं, कारण धान्य एका जागी पिकतं आणि खाल्लं जातं दुसरीकडे.

एक तक्रार मात्र मी मान्य करते. थेट खायच्या शेंगदाण्यांसाठी युरोपीय संघाची अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. ती पाळता न आल्याने नाकारलेला माल नष्टच होतो असं नाही. तो तपासणी नसलेल्या बाजाराकडे वळू शकतो, आणि तिथे खाणाऱ्याला कुणी सांगत नाही. पण यावरचा उपायही याच सहकार्यातून येतो आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने कमी खर्चाची चाचणी तयार केली. नायजेरियातल्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने अमेरिकेच्या कृषी संशोधकांबरोबर अफ्लासेफ आणलं: विष न करणारी तीच बुरशी ज्वारीच्या मेलेल्या दाण्यांवर चढवून, भुईमूग-मक्याचं पीक उभं असतानाच शेतात फेकतात. ती आधी जागा धरते आणि विषारी बुरशीला पसरायला वाव उरत नाही.