जॉश अ‍ॅलननं रडगाणं गाऊन नियम बदलून घेतला? अजिबात नाही

परत तेच फिरतंय की 23 जानेवारी 2022 ला कॅन्सस सिटीत तिथल्या चीफ्स संघाकडून हरल्यावर अमेरिकन फुटबॉलमधल्या बफेलो बिल्स संघाच्या जॉश अ‍ॅलननं ओव्हरटाइमच्या (बरोबरी झाल्यावर मिळणाऱ्या जादा वेळेच्या) नियमावर खापर फोडलं आणि म्हणून एनएफएल या लीगनं नियम बदलला. अहो असं झालंच नाही. चार टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकूनही 42-36 नं हरला, टॉस गेला, ओव्हरटाइममध्ये पहिला बॉल मिळालेल्या संघानं टचडाउन केलं की तेव्हा सामना तिथेच संपायचा, म्हणून त्याच्या हातात बॉलच आला नाही, तरी पत्रकारांना म्हणाला की नियम आहे तो आहे, तक्रार कशी करणार, उलट झालं असतं तर आम्हीच जल्लोष करत असतो. मला तर ऐकून भरून आलं होतं. बदलाचे प्रस्ताव कोल्ट्स-ईगल्स आणि टायटन्स या दुसऱ्या संघांचे होते, बिल्सचा नाही, आणि दोन्ही संघांना बॉल मिळावा हा बदल मार्चमध्ये 29-3 मतांनी पास झाला. आणि 2019 मध्ये असंच हरल्यावर हीच मागणी खुद्द चीफ्सनं केली होती, ते कुणी सांगतच नाही.