दार लावा, आत केक आहे

कारखान्यातल्या भट्टीचं दार कोणी विचारल्याशिवाय उघडत नाही. मालक आला तरी नाही. तिथे तशी पाटी असते आणि पाटीशेजारी सुपरवायझर असतो. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर मी होतो. विभाग हीट ट्रीटमेंट. गिअर, शाफ्ट, पिना असले जॉब ९२०-९३० अंशांवर कार्बनच्या वायूत तासन्‌तास मुरवायचे, मग तेलात विझवून कडक करायचे. असा कडक झालेला गिअर तसाच गाडीत बसवला तर त्याचा दात तुटतो. म्हणून त्याला पुन्हा १८० ते २०० अंशांवर तास-दोन तास ठेवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. याला आम्ही टेम्परिंग म्हणतो. थोडक्यात, लोक ज्या तापमानाला केक भाजतात त्या तापमानाला मी आयुष्यभर गिअर भाजले. त्यामुळे मी रिटायर झाल्यावर मुलीने २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घरी पाठवला आणि फोनवर "बाबा, आधी १८० ला प्रीहीट करायचा हं" असं सावकाश समजावलं, तेव्हा मी नुसता हसलो.

तापमानाची मला काळजी नव्हतीच. पण घरातल्या भट्टीला पाटी नसते, आणि घरातल्या सुपरवायझरला कोणी विचारत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांचीच शिफ्ट बदलली होती. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. बायको बँकेत आहे, तिची बदली नाशिकरोडला झाली, त्यामुळे ती इंदिरानगरहून नऊच्या आत बाहेर पडायला लागली. सिन्नरचं घर बंद करून आई आमच्याकडे राहायला आली. आणि जन्मभर पहाटेची कंपनीची बस पकडणारा मी सकाळी दहा वाजता हॉलमध्ये बसलेला दिसू लागलो. पेपर जाहिरातींसकट वाचून झाला की मी नळांचे वॉशर तपासायचो, फ्रिजचं रबर तपासायचो, कुकरची शिट्टी हातात घेऊन उजेडात धरायचो. आईने काही दिवस पाहिलं आणि मग सुनेला म्हणाली, "याला काहीतरी काम लाव बाई, हा दिवसभर माझ्या मागे मागे फिरतो." ओव्हन आला तो असा. त्याला छंद हे नाव नंतर मिळालं.

आल्याबरोबर प्रश्न पडला, ठेवायचा कुठे? १५०० वॅटचं यंत्र, पिन सोळा अँपियरची. ओट्याजवळ तसा पॉवर पॉइंट एकच, आणि त्यावर मायक्रोवेव्ह मांडी घालून बसलेला. "एक्स्टेंशन लावून टाका की," असं शेजारचे सुचवून गेले. जळालेल्या वायरीचा वास ज्याने एकदा घेतलाय तो असल्या पट्टीवर १५०० वॅट चालवत नाही. शेवटी करार झाला. बायको ऑफिसला गेली की ओव्हन, आल्यावर मायक्रोवेव्ह. आणि ओट्यावर पिठाचा कण दिसता कामा नये. मैद्याशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना या शेवटच्या अटीतली क्रूरता कळेल.

पहिलं काम केलं ते कॅलिब्रेशनचं. घरगुती ओव्हनची बटणं एक आकडा दाखवतात आणि आत भलतंच चाललेलं असतं. तापमान मोजणारं थर्मोकपल मागायला जुन्या कंपनीच्या गेटवर जाणारच होतो, पण मुलीने एक युक्ती सांगितली. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. वाटीत चमचाभर साखर घालून पंधरा मिनिटं आत ठेवायची. बटण १७५ वर असेल तर ती वितळायला नको, १९० वर असेल तर वितळायला हवी. आमच्याकडे १९० ला साखर ढिम्म हलली नाही. २०५ ला जाऊन पाघळली. म्हणजे आमचं बटण पंधरा-वीस अंशांची बढाई मारतं. मी तसं वहीत लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली. संध्याकाळी बायकोने ती वाटी पाहिली, वही पाहिली आणि म्हणाली, "अहो, तेवढ्या साखरेत दोघांचा चहा झाला असता."

पुढच्या खेपेला प्रीहीटला लावला आणि दहा मिनिटांत घरभर प्लास्टिकचा वास. दार उघडलं तर आत पोळ्यांचा डबा. म्हणजे डबा स्टीलचाच, झाकण मात्र हौसेने घेतलेलं निळं प्लास्टिकचं. आई शांतपणे म्हणाली, "अरे, तिथे मुंग्या लागत नाहीत. दार चांगलं घट्ट आहे त्याचं." माझ्या भट्टीच्या सीलची इतकी नेमकी तारीफ कधी कंपनीच्या ऑडिटरनेही केली नव्हती, त्यामुळे रागावताही येईना. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. रात्री ओव्हनमध्ये कढई असे, कढईत तवा, तव्यावर पोह्याचे पापड. घरात कुठेही न मावणारी वस्तू त्या २८ लिटरांत मावते असं सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं. माझ्या वहीत प्रत्येक कृतीची पहिली ओळ आता 'आत हात घालून चाचपणे' अशी आहे.

अंड्याचा विषय निघायचाच. आईच्या स्वयंपाकघरात अंडं फोडायची हिंमत मला साठीतही नाही. अंडं केकमध्ये दोन कामं करतं, तो फुगायला मदत करतं आणि फुगलेलं धरून ठेवतं. ते काढलं की फुगवण्याचं काम दही आणि खायच्या सोड्याच्या अंगावर येतं. दह्यातलं आम्ल सोड्याला भेटलं की त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटायला लागतात. बेकिंग पावडर जरा समजूतदार असते. ती थोडं काम ओलं झाल्यावर करते आणि बरंचसं ऊब लागेपर्यंत राखून ठेवते. सोड्याकडे तो धीर नाही. मिश्रण झालं की तडक आत जायला हवं.

आमच्या गल्लीत घंटागाडी यायची वेळ ठरलेली आहे. मी दह्यात सोडा घातला की ती येते.

खालून गाणं ऐकू आलं की ओल्या कचऱ्याची बादली एका हातात, सुक्याची दुसऱ्या हातात, आणि जिन्याने खाली. आई कशी उतरणार, आणि गाडी तर कोणासाठी थांबत नाही. कचरा टाकून वळलो की तळमजल्याच्या काकू हटकून भेटतात. "काय भाऊ, रिटायर लाइफ कसं चाललंय?" या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वेळी वर पातेल्यात हळूहळू बसत चाललेलं असतं.

घंटागाडीतून वाचलेला केक आत गेला की खरी परीक्षा सुरू होते. भाजताना केकच्या आतले बुडबुडे उष्णतेने ताणलेले असतात. मैद्यातली प्रथिनं आणि पिष्ट घट्ट होऊन भिंती उभ्या राहीपर्यंत त्यांना आधार असतो तो फक्त त्या उष्णतेचा. तेवढ्यात दार उघडलं तर छोट्या ओव्हनमधली ऊब भसकन बाहेर पडते आणि केक मधोमध खचतो. एकदा खचला की नंतर कितीही भाजा, तो वर येत नाही. एवढंच शास्त्र आहे, आणि ते मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं आणि एकत्र बसवूनही सांगितलं.

तरी दार उघडतंच. कामाच्या मावशी उघडतात, कारण त्यांना आतला ट्रे घासायचा असतो. शेजारचा छोटू उघडतो, कारण आत दिवा आहे. बायको रजेवर असली की ती उघडते, "वास येतोय म्हणून बघितलं". आणि आई तर तत्त्व म्हणून उघडते. भाजलं की नाही ते बघितल्याशिवाय कळतंच कसं, असा तिचा प्रश्न असतो. काचेतून बघ म्हटलं तर म्हणते, काचेतून सगळंच भाजलेलं दिसतं. शेवटी मी कंपनीच्या शिस्तीत जाड मार्करने पाटी लिहिली. 'दार उघडू नये. आत केक आहे. हुकुमावरून.' आईने चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि आत खरंच केक आहे का ते बघायला दार उघडलं.

त्या दिवशीचा केक व्हिडिओ कॉलवर बघून मुलगी म्हणाली, "बाबा, मध्ये बसलाय." मी म्हटलं, "उंचीचा परिणाम. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी." ती म्हणाली, "उंचीसाठी कृती बदलायची ती ९०० मीटरच्या वर. आणि पुणंही साधारण तुमच्याच उंचीवर आहे. माझे नाही बसत." पोरीला इंजिनिअर केलं की वाद घालायची सोय राहत नाही.

डिसेंबरात मी पावाकडे वळलो. केक नाजूक, पाव तरी दणकट असेल अशी अपेक्षा. पण यीस्टला २५ ते ३५ अंशांची ऊब लागते, आणि आमच्याकडे थंडीत पारा दहाच्याही खाली जातो. तिकडे निफाडला द्राक्षं जपायला बागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात, तिथे माझ्या पातेल्यातलं पीठ कशाला फुगतंय? ते गच्चीवर उन्हात ठेवलं तर कावळे घिरट्या घालायला लागले. फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं तर बायकोला तिथली किल्ल्यांची परडी सापडेना. अखेर आईनेच तोड काढली. पातेलं तिच्या पलंगावर भिंतीकडेला, खाली गरम पाण्याची पिशवी, वरून तिची गोधडी. तळमजल्याच्या काकू वाण घेऊन आल्या तेव्हा पलंगावरचा उंचवटा बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोण हो आजारी?"

आई म्हणाली, "पाव."

सामान आणायला रविवार कारंजाकडे जावं लागतं. तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक साधा स्पंज भाजून होतो. दुकानात मी यीस्ट, बटर पेपर आणि सात इंची टिन मागितला की काउंटरवरचा मुलगा आदराने विचारतो, "काका, मॅडमनी यादी दिलीय का?" सुरुवातीला मी सगळं नीट सांगायचो. आता हो म्हणतो. हो म्हटलं की लवकर सुटका होते, आणि मॅडमच्या नावावर थोडी सूटही मिळते.

आता निकालाविषयी. कंपनीत गिअरच्या दातावर कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशिनचं हिऱ्याचं टोक दाबायचं. काटा ५८ ते ६२ च्या मध्ये आला की लॉट पास. आमच्या घरचं टेस्टिंग मशिन म्हणजे आईचा चहाचा कप. पदार्थ चहात बुडवायचा. तो तोंडापर्यंत शाबूत आला पाहिजे, आणि तोंडात गेल्यावर दातांना काम पडता कामा नये. केक कपातच विरघळला, नापास. पावाची कड चहा पिऊनही तशीच राहिली, नापास. मुलीच्या सांगण्यावरून मोठ्या कष्टाने केलेली चॉकलेटची कुकी बुडवल्यावर चहाचाच रंग बदलला, तेव्हा तर आईने कप बाजूला सारला. "आमच्या खताया अशा नव्हत्या," ती म्हणाली. खताया म्हणजे नानकटाई.

आईचं माहेर जुन्या नाशकातलं. दिवाळीआधी घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर असं सगळं डब्यात भरून ही पोरं बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायची. भट्टीवाला मळून, थापून, भाजून द्यायचा आणि मजुरी किलोवर घ्यायचा. घरी येताना डब्याचं वजन कमी भरलं तर त्याला कोण जबाबदार, हे रस्त्यात कोणी बोलत नसे. हे सगळं मी पूर्वीही ऐकलं होतं. पण या वेळी आई बोलता बोलता म्हणाली, "गेल्या गेल्या नाही लावायचा तो. म्हणायचा, आधी माझे पाव निघू देत. भट्टी उतरली की तुमच्या खताया."

मी चहा खाली ठेवला. ही बाई मला कूलिंग कर्व्ह सांगत होती. पावाला कडक आच, तो निघाला की विटांमधली ऊब सावकाश खाली येणार, आणि त्या उतरत्या उबेत नानकटाई आतपर्यंत खुटखुटीत होणार, वरून रंग न चढता. मी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आकड्यावर बसलो होतो. त्याच दुपारी ओव्हन माझ्या दुरुस्त केलेल्या १८० वर तापवला, ट्रे आत गेल्यावर पाच मिनिटांनी १५० वर आणला आणि शेवटी बंद करून तसाच ठेवला. आई ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसली होती. मावशी ट्रे घासायला आल्या तर त्यांना तिनेच हटकलं. छोटूला तर हात धरून घरी पोचवला. दार उघडायला म्हणून मी पुढे झालो, तर मलाही म्हणाली, "थांब, अजून उतरू दे."

खताई चहातून शाबूत आली. आईने दुसरी घेतली. वहीत मी 'पास' लिहिलं आणि तपासणीसाच्या जागी तिची सही घेतली.

आता सोसायटीतून ऑर्डरी येतात, पैसे कोणी देत नाही तो भाग वेगळा. पण खरी अडचण पुढे आहे. बायको येत्या मे महिन्यात रिटायर होतेय आणि परवा जेवताना तिने सहज सांगितलं की घरी बसल्यावर तिला केक शिकायचेत, बँकेतल्या मैत्रिणींबरोबर क्लाससुद्धा ठरलाय. भट्टी एक, पॉवर पॉइंट एक आणि सुपरवायझर आता तीन. मी भीत भीत दुसरा ओव्हन आणि दुसरा पॉइंट घ्यायचं सुचवलं. वाटलं होतं आई खर्चावरून बोलेल, पण तिने लगेच होकार दिला. उन्हाळ्यातले कुरडया-पापड ठेवायला तिला जागा हवीच होती.