रेझिनच्या मूर्ती रंगाखाली ‘वाळतात’ या समजाविषयी खुलासा

व्हिडिओ गेममधील मारिओ, लिंक अशा पात्रांच्या छोट्या मूर्ती थ्रीडी प्रिंटरवर काढून रंगवणाऱ्या वडोदऱ्यातील हौशी मंडळींत सध्या असा संदेश फिरत आहे की, रेझिनची (प्रिंटरमध्ये घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकची) मूर्ती धुऊन लगेच रंगवली तरी चालते, आतला ओलावा रंगाखाली आपोआप वाळतो. हे खरे नाही.

शाडूची मूर्ती वाळते ती तिच्यातले पाणी उडून गेल्यामुळे. रेझिन मात्र वाळत नसून अतिनील किंवा त्यालगतच्या जांभळ्या, साधारण ४०५ नॅनोमीटरच्या, प्रकाशाने रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते, आणि रंगाचा थर नेमका तोच प्रकाश अडवतो. मूर्ती पोकळ असल्यास आत अडकलेले पातळ रेझिन पुढे तिला तडे पाडते व चिकट होऊन बाहेर झिरपते. गच्चीवरच्या कडक उन्हाने पृष्ठभाग घट्ट होतो हे खरे, पण पोकळीत ऊन पोहोचत नाही. म्हणून तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवून मूर्ती आतूनही आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, प्रकाशात घट्ट करावी आणि मगच प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) व ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात द्यावेत.

कच्च्या, म्हणजे घट्ट न झालेल्या, रेझिनच्या स्पर्शाने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते व ती पुढे कायम राहू शकते. अशा कच्च्या रेझिनची मूर्ती मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, आणि हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. मूर्ती धुण्यासाठी वापरलेले अल्कोहोलही मोरीत ओतू नये.