येथे भाग क्रमांक ४७ बसवावा

मराठीतले सर्वांत फसवे क्रियापद कोणते, असे मला कोणी विचारले, तर गेल्या चौदा महिन्यांच्या अनुभवावरून मी ‘बसवणे’ असे उत्तर देईन. सुट्या भागांची गाडी मागवून ती घरीच जोडण्याचा निर्णय मी घेतला, तेव्हा बरोबर आलेल्या पुस्तिकेत हेच एक क्रियापद पानोपानी पसरलेले होते. येथे भाग क्रमांक ४७ बसवावा. त्यावर भाग क्रमांक ४८ बसवावा. तो बसत नसेल तर काय करावे, याविषयी पुस्तिकाकारांनी कमालीचे मौन पाळले होते. प्रत्यक्षात भाग बसत नाही. बसतो तो आपण, सांगाड्याशेजारी, जमिनीवर, डोक्याला हात लावून.

या छंदाचे शास्त्र वरकरणी सोपे आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासची अंगे आणि काही खोकी विक्रेता पाठवतो. इंजिन, गिअरपेटी, चाकांचे हब आणि स्टीअरिंग आपण एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतो, जिला या क्षेत्रात आदराने ‘दाता गाडी’ म्हणतात. दात्याकडून पदरात पडलेले सगळेच उपयोगाचे असते, असा माझा समज होता. याच पंथातल्या एका थोर पूर्वजाची कथा मला फार उशिरा कळली. ब्रिटनमध्ये १९५७ साली लोटस सेव्हन ही गाडी आली, तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदी कर असे आणि सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. मात्र संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. म्हणून म्हणे कंपनीने गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकाने त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचाव्यात, अशी अपेक्षा ठेवली. तो कर १९७३ साली गेला. पुस्तिका लिहिण्याची वृत्ती मात्र टिकून आहे, याची साक्ष मी देऊ शकतो.

पहिला बोल्ट आत जाईना, तेव्हा मी विक्रेत्याला मनातल्या मनात दोष दिला. सांगाड्याचे भोक आठ मिलिमीटरचे होते, बोल्टही आठचाच होता, आणि तरीही दोघे एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर उलगडा झाला, तो असा की, सांगाड्याला दिलेला पावडरचा सुंदर काळा रंग भोकाच्या आतही गेला होता. त्याचा थर जेमतेम ०.०८ मिलिमीटरचा, पण भोकाला दोन्ही बाजू असल्यामुळे तो ०.१६ झाला आणि तेवढ्याने आमचे गाडे अडले. त्याच दिवशी माझा मेहुणा सहज म्हणून आला, त्याने दाराच्या चौकटीला टेकून सर्व प्रकार पाहिला आणि सल्ला दिला, “दाजी, जरा घासा, बसेल.” मी गोल कानस घेऊन घासले आणि बोल्ट बसला. ही फार मोठी चूक झाली, कारण त्या दिवसापासून मेहुण्याकडे प्रत्येक प्रश्नाचे हेच उत्तर तयार असते आणि एकदा खरे ठरल्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

चाकांना धरणाऱ्या बाहूंच्या वेळी घासून भागण्यासारखे नव्हते. बुशची, म्हणजे बाहूच्या सांध्यातल्या अस्तराची, नळी होती ३८.५ मिलिमीटरची आणि ज्या दोन पाकळ्यांमध्ये ती सरकवायची, त्यांच्यामधली फट होती ३८ ची. वेल्डिंगच्या उष्णतेने पाकळ्या किंचित आत झुकतात, हे मला आता ठाऊक आहे. त्या वेळी मी फक्त हातोड्याकडे पाहत होतो. अखेर सळईला दोन नट लावून ती पाकळ्यांच्या मध्ये ठेवली आणि नट बाहेरच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा उघडत गेलो, तेव्हा पाकळ्या कुरकुरत फाकल्या आणि बुश आत गेले. त्या आनंदात मी तिथला बोल्ट करकचून आवळला. त्यामुळे त्याच बाहूचे दुसरे भोक पेन्सिलीच्या टोकाएवढे सरकले आणि मला पहिला बोल्ट पुन्हा सैल करावा लागला. सर्व बोल्ट आधी हाताने फिरतील एवढेच लावावेत आणि सगळे जागेवर आल्यावरच आवळावेत, हा नियम पुस्तिकेत होता. तो परिशिष्टात होता.

पण खरा आटापिटा आट्यांचा होता. माझी दाता गाडी मिलिमीटरच्या घराण्यातली. खोक्यातून आलेले काही बोल्ट मात्र इंची परंपरेचे, आपण ज्यांना अडीच सुती म्हणतो त्या मापाचे. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठाच्या बोल्टाशेजारी तो ठेवला तर सख्खा भाऊ वाटावा, इतके साम्य. आठाच्या बोल्टाला एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.२५ मिलिमीटरचे अंतर आणि या अडीच सुती बारीक आट्याच्या बोल्टाला एका इंचात २४ आटे, म्हणजे अंतर सव्वा नव्हे, एकाहून जरासेच जास्त. अशा बोल्टावर आठाचा नट पहिला फेरा इतक्या प्रेमाने फिरतो की आपण बेसावध होतो; दुसऱ्या फेऱ्याला तो जरा रुसतो; आपण पाना लावतो, आणि मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही. पान्याचीही तीच कथा आहे, कारण या बोल्टाला लागतो अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ चा पाना, आणि हाताशी असतो १३ चा, जो बसल्यासारखे दाखवतो आणि पूर्ण जोर लावल्यावर नेमका घसरतो. माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर त्या ०.३ मिलिमीटरच्या खुणा अजून आहेत. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. माझा प्रवास उलट दिशेने झाला.

इंजिन तसे लवकर बसले, म्हणजे तिसऱ्या खेपेला. त्यानंतर बॉनेट टेकेना, म्हणून मुलीच्या खेळातली चिकणमाती मागून घेतली, तिचे गोळे इंजिनाच्या माथ्यावर ठेवले, बॉनेट हलकेच लावून पुन्हा उचलले आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. एके ठिकाणी ती चार मिलिमीटर होती, दुसऱ्या ठिकाणी गोळाच उरला नव्हता. मुलीने तो सपाट गोळा परत घेताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने एकाही तपासनिसाने माझ्या कामाकडे पाहू नये, अशी माझी प्रार्थना आहे. याच सुमारास एक वायसर सांगाड्याच्या नळीत पडला. तो आजही तिथेच आहे आणि गाडी हलवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत खळखळत जातो.

गेल्या रविवारी स्टीअरिंगचे चाक लावायचे उरले होते. आसनात शिरताना चाक आड येते, म्हणून मी आधी आत उतरलो, पाय नळीवजा बोगद्यात सरकवले, तिथे माझा एक बूट एकाच वेळी क्लच आणि ब्रेक दाबतो, ही बाब तूर्त बाजूला ठेवली, आणि चाक दांड्यावर चढवून नट फिरवला. पहिला फेरा अत्यंत प्रेमाने गेला. दुसऱ्याला तो जरासा रुसला. पाना लावल्यावरच माझ्या लक्षात आले की, हे प्रेम मी पूर्वी कुठे तरी पाहिले आहे.

चाक निघेना आणि चाक असताना मी निघेना. पत्नीने शांतपणे पुस्तिका उघडली. “अहो, ‘काढणे’ या सदराखाली एकच ओळ आहे,” ती म्हणाली, “बसवण्याच्या उलट क्रमाने.” उलट क्रमाने जायचे तर सर्वांत शेवटी बसलेला भाग आधी निघायला हवा, आणि नटाचा नंबर लावण्यापूर्वी आम्ही दोघेही काही क्षण गप्प राहिलो, कारण नट धड बसलाच नव्हता. त्या गाडीत पूर्णपणे बसलेला शेवटचा भाग मीच होतो. मेहुणा दाराच्या चौकटीला टेकून हे ऐकत होता. त्याने माझ्या पोटाकडे आणि चाकाच्या कडेकडे आळीपाळीने पाहिले, आणि काही न बोलता फळीवरची कानस उचलली.