‘गाव विकास’चे पैसे गेले कुठे? दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचायला बसलो ते हिशेबाची फाइल समोर घेऊन. मग राग गेला आणि लाज वाटली. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॅडम कुटुंबासोबत आमच्या सहल कंपनीमार्फत चार रात्री डोंगरातल्या एका गावात राहिल्या, गावकऱ्यांच्याच घरी. त्यांच्या तक्रारी अशा: बिलात ‘गाव विकास’ म्हणून वेगळी रक्कम लावली, पण ती कुठे जाते ते विचारूनही कुणी सांगितलं नाही. साइटवर एक घर दाखवलं आणि उतरवलं दुसऱ्याच घरात. आंघोळीला माणशी एकच बादली गरम पाणी. बॅगा काट्याला लावून एका हमालाऐवजी दोन हमालांचे पैसे घेतले. मुलांसाठी हौसेनं नेलेली वह्या-खेळणी शाळेत वाटू दिली नाहीत. आणि शेवटी, ‘समाजाला परत देण्याच्या नावाखाली हा नुसता हिरवा मुलामा आहे.’

मुलाम्यापासूनच सुरुवात करतो. ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्द आमच्याच धंद्यानं जगाला दिला. १९८६ साली जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्यानं तो वापरला, तो हॉटेलांच्या टॉवेलांवरून. पृथ्वी वाचवायची असेल तर टॉवेल पुन्हा वापरा, अशी खोलीत पाटी. वाचायचा मात्र हॉटेलचा धुलाईखर्च. तेव्हा तुमचा आरोप हसण्यावारी न्यावा अशी माझी परिस्थिती नाही.

‘गाव विकास’ ही ओळ बिलात मीच घातली. गेल्या हंगामात तिच्याखाली जमलेले पैसे तीन वाटांनी गेले. मोठा भाग गावाच्या समितीच्या खात्यात आहे आणि तसाच पडून आहे, कारण आधी पाण्याची टाकी की आधी वरच्या वाडीची वाट, यावर समितीत एकमत होत नाही. थोडा भाग प्लास्टिकचा कचरा खाली आणण्याच्या गाडीभाड्याला लागला. आणि उरलेल्यातून आम्ही दोन गाइडच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाची फी भरली.

हे तिसरं चूक होतं. गाइड शिकलेला असणं ही माझी गरज, माझ्या धंद्याचा खर्च. तो गावाच्या नावावर टाकणं म्हणजे स्वतःच्या दुकानाचं वीजबिल दानपेटीतून भरणं. तेव्हा मनाला समजावलं की गाइड गावचाच आहे, म्हणजे पैसे गावातच गेले. असं समजावणं फार सोपं असतं. ती रक्कम परवा समितीच्या खात्यात भरली आहे, माझ्या खिशातून.

आमच्या माहितीपत्रकात होतं, ‘सहलीच्या रकमेतला काही भाग गावासाठी’. ‘काही’ या शब्दाची सोय मला चांगली ठाऊक आहे, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला. जिथे हे काम गांभीर्यानं होतं, तिथे वाटा आधी ठरतो. रवांडात गोरिला पाहायला जगभरातून माणसं जातात. तिथल्या उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातले ५ टक्के आसपासच्या गावांना देण्याची पद्धत २००५ साली सुरू झाली आणि २०१७ साली तो हिस्सा १० टक्के केला गेला. नामिबियात १९९६च्या कायदेबदलानंतर गावांना आपापली संरक्षित क्षेत्रं नोंदवता आली आणि पर्यटनातून येणारं उत्पन्न गावाच्या संस्थेच्या हातात येऊ लागलं. सहल नेणारा खूश असो की नाखूश, करार तो करार. आमच्याकडे करार नव्हता, माझी मर्जी होती. आता समितीशी लेखी करार होतोय. त्यात आकडा असेल आणि तो बिलावर छापलेला असेल.

पण मॅडम, ती ओळ अगदी स्वच्छ असती, तरी तुमच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळालं असतं. पाहुण्यांचे पैसे बहुतेक जागी मधल्यामध्येच झिरपतात: विमान कंपनी, बुकिंगचं पोर्टल, बाहेरच्या मालकाचं हॉटेल, बाहेरून आणलेला माल, बाहेरून आणलेला मॅनेजर. पर्यटनाचा अभ्यास करणारे याला गळती म्हणतात. गळकं मडकं तसंच ठेवून वरून ओंजळभर दान ओतायचं, आणि फोटो मात्र दानाचा काढायचा, असं बरेचदा चालतं. त्यामुळे माझ्यासारख्याला विचारायचा खरा प्रश्न, ‘दान किती देता’ हा नाही. पाहुण्यांना घरी ठेवणाऱ्या कुटुंबाला एका रात्रीचे किती मिळतात, हमालाला कधी मिळतात, गाडी कुणाची आहे, हे विचारा. आमची गाडी गावातल्याची आहे. घरांचे आणि हमालांचे पैसे पाहुणे निघतात त्याच सकाळी चुकते होतात, उधारी नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण यात कुचराई झाली तर पुढच्या वेळी मला कुणी दारात उभं करणार नाही.

तुम्ही लिहिलंत की थेट फोन केला असता तर तेच घर स्वस्तात मिळालं असतं. खरं आहे. जरूर करा, मधला हिस्सा त्या घरालाच जाईल. फक्त त्यात एक गुंता आहे, आणि तो तुमच्या घराच्या तक्रारीशी जोडलेला आहे.

फोटोतलं घर गावात सगळ्यात देखणं. पहिली दोन वर्षं ज्याला त्याला तेच हवं असायचं. त्या घराला नवीन छप्पर आलं, आणि शेजारच्या बाईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाहुणे वाटेनं जाताना लोक तोंड फिरवायला लागले. मग समितीनं पाळी लावली. समितीच्या खोलीत खिळ्याला एक लांबट वही टांगलेली आहे, तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधलीये. कुणाकडे किती पाहुणे, किती रात्री, हे तिच्यात लिहिलं जातं आणि पुढचा गट यादीतल्या पुढच्या घरी जातो. लिहिता न येणारी आजी असेल तर ती अंगठा उमटवते, आणि आधीच्या ओळीतला आकडा मोठ्यानं वाचून दाखवायला लावते! तुम्ही ज्या घरी राहिलात त्यांची पाळी सात महिन्यांनी आली होती.

वही बरोबर, चूक माझी. पाळी सुरू झाल्यावरही मी साइटवर तोच देखणा फोटो ठेवला, कारण त्यावर बुकिंग येतं. आता यादीतल्या सगळ्या घरांचे साधे फोटो टाकले आहेत आणि ‘यातलं कुठलंही एक’ असं वरच लिहिलं आहे. चौकश्या कमी झाल्यात, होऊ देत.

गरम पाण्याचं आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, माफी असावी. बादली मात्र एकच राहील. ते पाणी घरातली बाई डोक्यावरून आणते आणि लाकडावर तापवते. जबाबदार पर्यटनावरचा २००२चा केपटाऊन जाहीरनामा हाच क्रम सांगतो: आधी जागा तिथे राहणाऱ्यांसाठी चांगली, मग येणाऱ्यांसाठी.

काट्याबद्दल माफी मागणार नाही. तुमच्या दोन बॅगा मिळून २६ किलो भरल्या. एक माणूस त्या उचलायला तयार होता, हे खरं. तुम्ही तसं लिहिलंही आहे. पण ज्याला आज काम हवं आहे तो ३५लाही तयार होतो, म्हणून त्याला विचारून ओझं ठरवायचं नसतं. पेरूमध्ये इन्का वाटेवरच्या हमालांसाठी २००१ साली कायदाच झाला, ओझं २० किलोपर्यंत. आम्ही तोच आकडा धरला आहे आणि ताणकाटा गाडीतच असतो. तुम्हाला चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटलं, ते टाळता आलं असतं. निघायच्या आधी घरीच वजन करून या, असं आता आधीच्या मेसेजमध्ये कळवतो.

आता शाळा. इथे तुमचं मन दुखावलं हे मला कळतंय. तुमच्या मुलीनं स्वतःच्या खेळण्यांतून निवडून ती पिशवी भरली होती, गाइडनं मला सांगितलं. तरीही उत्तर ‘नाही’ हेच. पाहुणे आले की वर्ग थांबतो, आणि हंगामात पाहुणे रोज असतात. वाटप सुरू झालं की मुलं पिशवी घेऊन येणाऱ्यांची वाट बघत रस्त्यावर थांबतात. शिक्षकांनीच आम्हाला हात जोडून सांगितलं होतं की हे बंद करा. याचं टोक कुठवर जातं तेही जगानं पाहिलं आहे: पाहुण्यांचा कळवळा हेच उत्पन्न झाल्यावर, आई-बाप हयात असलेली मुलं अनाथाश्रमांत आणून ठेवली गेली. २०१८ साली ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अशा तस्करीलाही गुलामगिरीचा एक प्रकार मानलं. तुमच्या पिशवीची त्याच्याशी बरोबरी नाही, अजिबात नाही. पण नियम माणूस बघून बदलायला लागलो तर तो राहत नाही.

पिशवी आमच्याकडे आहे. वह्या मुख्याध्यापकांकडे दिल्या, त्या लागतील तशा निघतील. खेळणी परत हवी असतील तर कळवा, कुरिअरनं पाठवतो.

तुम्ही ‘गाव विकास’ची रक्कम परत मागितली आहे. ती मला देता येणार नाही, कारण ती आता माझी नाही. तेवढीच रक्कम माझ्या नफ्यातून तुमच्या खात्यावर आज पाठवली आहे. हंगामाचा पूर्ण हिशेब आमच्या बुकिंगच्या पानावर लावला आहे आणि त्याची प्रत समितीच्या खोलीत, त्या वहीच्या शेजारी. टाकीचं काम अजून सुरू झालेलं नाही. पुढची बैठक दहा दिवसांनी आहे. तिथेही ठरलं नाही, तर त्याच पानावर ‘ठरलं नाही’ असं लिहीन.